कापलेली पाच सेकंदं

ज्यांना आपला व्हिडिओ का अडकतो हे जाणून घ्यायचं नसतं, फक्त तो चालू करून हवा असतो, अशा लोकांमुळे माझं काम एकोणीस वर्षं चाललं आहे. त्यामुळे त्यांच्यावर चिडण्याचा मला फारसा हक्क नाही. तरी मी चिडलेली आहे. मागच्या कापसाच्या हंगामापासून चिडलेली आहे. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हटल्यावर पाच-सहा गमतीदार प्रसंग लिहून मोकळं व्हावं असा विचार केला होता. लिहायला बसले तर एकच प्रसंग डोक्यात येत राहिला. तोच लिहिते.

आधी काम काय ते सांगते. जालन्यात मस्तगड भागात आमचं घर आहे. पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक लांब टेबल. लग्नाचे, बारशाचे, सत्काराचे व्हिडिओ काढणारे जिल्ह्यातले स्टुडिओवाले ते व्हिडिओ कॉम्प्युटरवर कापतात, जोडतात, गाणी लावतात. या कामाला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. पूर्वी मीही मिक्सिंग करायचे. आता बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या मिक्सिंगमधले बिघाड काढण्यात जातो. तक्रारींचे शब्द ठरलेले असतात. "मॅडम, प्ले केलं की झटके मारून राह्यलंय." "मॅडम, आवाज पुढं चाललाय अन् तोंड मागं राह्यलंय." "मॅडम, काळा पडदा आलाय, नवरी गायब!"

कारणं बहुतेक साधी असतात. अंकुशनगरकडच्या एका फोटोग्राफरने व्हिडिओ अडकतो म्हणून कॉम्प्युटरचे तीन भाग बदलले, तरी अडकत होता. मी जाऊन बघितलं, तर अख्खं लग्न तो पेनड्राइव्हवरून चालवत होता. पेनड्राइव्हवरचं सगळं कॉम्प्युटरच्या डिस्कवर घेतलं आणि व्हिडिओ पळायला लागला. त्याचा चेहरा पडला. "एवढंच व्हतं?" म्हणाला. मी काहीच केलं नाही असं तो अजून लोकांना सांगतो. त्याला मी माफ केलं आहे. त्याच्या चुकीने फक्त त्याचं स्वतःचं नुकसान झालं होतं.

आता थोडा हिशेब, कारण तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रं. आपले मोबाइल सेकंदाला साधारण तीस चित्रं काढतात. तीही मोजून तीस नाहीत. उजेड कमी झाला, फोन तापला, की एखाद-दुसरं गाळतात. आमचे स्टुडिओवाले मात्र टीव्हीच्या जुन्या पद्धतीने सेकंदाला पंचवीस चित्रांवर काम करतात. म्हणजे मोबाइलचा व्हिडिओ आत घेतला की सॉफ्टवेअरला तिसाची पंचवीस करावी लागतात. सरळ केलं तर ते दर सेकंदाला पाच चित्रं टाकून देतं आणि व्हिडिओ किंचित उडी मारतो. हेच ते झटके. झटके नको असतील तर सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. ती चालू केली की चित्र टाकून देण्याऐवजी शेजारशेजारची दोन चित्रं एकमेकांवर ठेवून त्यांचं एक चित्र तयार होतं. वरात डोळ्यांना मऊ दिसते. पण ते चित्र कॅमेऱ्याने काढलेलं नसतं. जे कधी घडलंच नाही त्याचं ते चित्र असतं. नाचणाऱ्या माणसाला एका क्षणी तीन हात दिसतात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

मागच्या हंगामात एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला साठीचे एक गृहस्थ दारात उभे राहिले. पांढरा सदरा, टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"भाभी, संजय स्टुडिओवाल्याने पत्ता दिला. म्हणला मशीन मॅडमनी बसवून दिली, त्यांनाच विचारा."

त्यांचं नाव बाबूभाई. भोकरदन तालुक्यात हसनाबादच्या बाजूला एका गावाबाहेर खासगी वजनकाटा आहे, त्यावर बावीस वर्षं बसणारे. ट्रॅक्टर लोखंडी फळीवर चढतो, खोलीच्या बाहेर लाल आकडे उमटतात, बाबूभाई खिडकीतून पावती देतात. गावाचं नाव मी लिहीत नाही. संजयचा स्टुडिओ त्याच गावात. त्याचा कॉम्प्युटर मीच बसवून दिला होता, हे खरं होतं.

बाबूभाईंनी खिशातून मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ लावला. चाळीस सेकंदांचा. पहिली पाच सेकंदं लाल अक्षरं आणि दुःखी गाणं. मग बारा सेकंदं कापसाने भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, लाल आकडे हलतात. मग सहा सेकंदं तेच पुन्हा, सावकाश. मग नऊ सेकंदं चित्र थांबलेलं, आकड्याभोवती गोल आणि बाण. आकडा ६९८०. त्याखाली पावतीचा फोटो, तिच्यावर ६४४०. आणि शेवटची आठ सेकंदं संजयच्या स्टुडिओचं नाव, मोबाइल नंबर, 'लग्न, बारसे, वाढदिवसाच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील'.

पाचशे चाळीस किलोचा फरक. एका ट्रॉलीत जवळजवळ साडेपाच क्विंटल कापूस काटेवाल्याने खाल्ला, असा त्याचा अर्थ.

व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर पडला, त्याच दिवशी दुपारी चाळीस-पन्नास माणसं काट्यावर गेली. खिडकीची काच फुटली. कोणीतरी बाबूभाईंची कॉलर धरून त्यांना बाहेर ओढलं, तेव्हा चष्मा पडला. काट्याच्या मालकाने, सगळे त्याला शेठ म्हणतात, लोकांसमोरच किल्ली काढून घेतली आणि घरी जायला सांगितलं. व्हिडिओखाली काय काय शेरे आले होते ते बाबूभाईंनी मला दाखवले. ते मी इथे उतरवणार नाही. त्यांच्या धर्मावरून होते आणि आपल्या माणसांनी लिहिलेले होते एवढं सांगते.

"काम गेलं म्हणून आलात का?" मी विचारलं.

"काम गेलं ते गेलं. भाभी, मला एकच सांगा. हा आकडा माझ्या काट्याने दाखवला का? मी शिकलेला न्हाई, पण आकडे बराबर वाचतो. ट्रॉली थांबली तवा चौसष्टशे चाळीसच व्हतं. मी बघितल्तं. पण हे बी माझ्याच काट्याचं चित्र हाये. तीन दिवस झाले, झोप न्हाई. बाईस साल में पहली बार खुद पे शक आया. असाच आणखी कितींना दिला असंल मी गलत वजन?"

माझा राग तिथे सुरू झाला. खोटं बोलणारा माणूस असा प्रश्न विचारायला मस्तगडापर्यंत येत नाही.

मी व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला आणि एकेक चित्र पुढे सरकवायला लागले. चाळीस सेकंदं गुणिले पंचवीस, हजार चित्रं. थांबलेल्या चित्रावर आल्यावर आकडा मोठा केला. काट्यावरचे आकडे इंग्रजी असतात आणि प्रत्येक आकडा सात रेघांचा, तीन आडव्या, चार उभ्या. सातही पेटल्या की आठ. जी रेघ पेटते ती पूर्ण पेटते, अर्धी पेटत नाही. इथे पहिला सहा आणि शेवटचं शून्य लालभडक होते. पण नवाच्या वरच्या दोन्ही उभ्या रेघा फिक्या होत्या. आणि आठाच्या आडव्या तीन भडक, उभ्या चारही फिक्या.

मी बाबूभाईंना विचारलं, "ट्रॉली चढताना आकडा हलतो ना?"

"हलतो की. ब्रेक मारला की झोका खातो. सौ-दोनसौ खाली-वर जातो, मंग बसतो."

मी कागदावर रेघा काढून बघत बसले. तीनवर पाच ठेवला की नऊ होतो. पाचवर दोन ठेवला की आठ होतो. जी रेघ दोहोंपैकी एकाच आकड्यात असते ती फिकी पडते, आणि दोन्ही वेळा अशा रेघा बरोब्बर त्याच जागी येतात. ६३५० आणि ६५२०. काट्याने झोका खाताना हे दोन आकडे एकामागून एक दाखवले होते. सॉफ्टवेअरने दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवली आणि ६९८० जन्माला आला. काट्याने तो आकडा कधी दाखवलाच नव्हता.

बाबूभाईंना सांगितलं तेव्हा ते आनंदाने उठतील असं वाटलं होतं. ते बसून राहिले. मग म्हणाले, "मंग काटा बराबर हाये."

"बरोबर आहे."

"आन् हे कोणी केलं?"

"मशीनने."

"मशीन बोलून न्हाई राह्यली भाभी. चालवणारा कोन?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं संजयच्या गावी गेलो. संजय पस्तिशीचा, कामाला चपळ, वाईट माणूस नाही. हे शेवटचं लिहायला मला कष्ट पडत आहेत, पण खरं आहे. बाबूभाईंना बघून तो उभाच राहिला.

"मॅडम, मी काहीबी केलेलं न्हाई. रंगनाथभाऊंनी मोबाइलवर शूटिंग आणलं, म्हणले कापूस जास्त भरला व्हता, वजन कमी आलंय, आकडा साफ करून दाव. मी स्लो केलं. तर त्यांनीच ओरडून सांगितलं, थांब, थांब, आकडा वाढला! मी थांबवलं. बस."

"आणि गाणं?"

"गाणं तर लावावंच लागतं ना."

"बाण?"

"बाणाशिवाय लोकांना दिसत न्हाई मॅडम."

"एकावर एक चित्र ठेवायची सोय कोणी चालू केली?"

"तुम्हीच सांगितल्तं की."

आणि मला आठवलं. उन्हाळ्यात, लग्नाच्या गर्दीत त्याचा फोन आला होता. वरातीचा घोडा झटके मारतो म्हणून. मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची पोळी जळायला नको म्हणून मी त्याला सेटिंगमधली ती खूण कुठे आहे ते सांगितलं आणि म्हटलं, ती कायमची चालू करून ठेव, झटके जातील. दोन मिनिटांचं बोलणं. पंचवीस आणि तिसाचा हिशेब मी त्याला सांगितला नाही. त्याने विचारला नाही आणि मलाही घाई होती. कारण न सांगता मशीन चालू करून दिली. ज्या गोष्टीसाठी मी गिऱ्हाइकांना नावं ठेवते, नेमकी तीच मी केली.

माझा राग याने कमी झाला नाही. त्याच्यावर होता, माझ्यावरही आला.

"मूळ व्हिडिओ दाखव," मी म्हटलं.

"न्हाई ना मॅडम. एक्सपोर्ट झालं की डिलिट. डिस्क भरते."

"रंगनाथभाऊंच्या मोबाइलात?"

"त्यांचा मोबाइल तर सारखाच फुल्ल. इथं उतरवून घेतलं अन् मीच साफ करून दिला."

पुरावा साफ करून दिला! आमच्याकडच्या स्टुडिओवाल्यांची ही जुनी रीत आहे. तयार झालेला व्हिडिओ म्हणजे माल, मूळ चित्रण म्हणजे भुसा. लग्नात हे एक वेळ चालतं. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. "अरे, त्या माणसाची कॉलर धरली लोकांनी, आणि तू त्याच्यावर स्वतःचा नंबर टाकून ऑर्डरी मागतोस?" एवढं आठवतं. बाबूभाई मध्ये पडले. "जाने दो भाभी. ओरडून पिक्चर परत येणार न्हाई."

संजयने तेवढ्यात चहा सांगितला. मी नको म्हटलं. खुर्चीवर बसून त्याची डिस्क उघडली, ती भरून वाहत होती. कशाने भरली ते बघताना मला ते फोल्डर दिसलं. कॉम्प्युटर जुना असला की मोठे व्हिडिओ ओढत नाही, म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक व्हिडिओची एक हलकी प्रत बनवतं आणि काम करताना तीच चालवतं. प्रॉक्सी म्हणतात तिला. चित्रं लहान, पण संख्येने तेवढीच, सगळी, मूळ क्रमाने. संजयच्या मशीनवर ही सोयही मीच लावून दिली होती, आणि दर महिन्याला ते फोल्डर रिकामं कर म्हणून बजावलं होतं. त्याने सात महिने हात लावला नव्हता. माझा सल्ला त्याने मानला असता तर बाबूभाई कायमचे चोर ठरले असते. एकोणीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

रंगनाथभाऊंच्या व्हिडिओची हलकी प्रत त्यात होती. सतरा सेकंदं.

"सतरा?" मी म्हटलं. "तू तर बाराच वापरली."

"शेवटची पाच कापली मॅडम. त्याच्यात काही हलतच नव्हतं. बोअर व्हत व्हतं."

मी ती पाच सेकंदं लावली. ट्रॉली थांबलेली. आकडा थांबलेला. ६४४०. पाच सेकंदं तसाच. बाबूभाई पडद्याच्या इतके जवळ आले की त्यांचा श्वास मला ऐकू आला.

काट्यावर वजन करायचं म्हणजे काय करायचं? आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबायचं. सगळं काम त्या थांबण्यात आहे. आणि संजयने हलणारं तेवढं ठेवून थांबलेलं कापून टाकलं. का, तर लग्नात तसंच करतात. नवरा-नवरी स्टेजवर नुसते उभे असले की कापायचं, नाचले की ठेवायचं. दहा-बारा वर्षांत त्याचा हात तसाच वळला आहे. त्याने बेइमानी केली नाही, सवयीने केलं. मला याचाच जास्त राग येतो, कारण बेइमान माणूस मोजक्या वेळा खोटं करतो, सवय रोज करते.

मी चित्रं मोजली. एकूण पाचशे सहा. दोनशे तेराव्या चित्रात ६३५०. दोनशे चौदाव्यात ६५२०. पाचशे सहांपैकी एकाही चित्रात ६९८० नाही. दोनदा तपासलं. मग संजयला म्हटलं, "उचल सगळं. कॉम्प्युटर, टीव्ही, वायरी. काट्यावर जायचं."

"मॅडम, लोक मारतील मला."

"परवा ते दुसऱ्याला मारत होते, तेव्हा तू कुठे होतास?"

शेठला आणि रंगनाथभाऊंना बाबूभाईंनीच निरोप पाठवला. दुपारी काट्याच्या खोलीपुढे पंधरा-वीस माणसं जमली. रंगनाथभाऊ पन्नाशीचे शेतकरी, अंगाने आडवे, आवाज मोठा. मी पडद्यावर चित्रं एकेक करून दाखवली. त्यांनी हाताची घडी घालून सगळं बघितलं आणि म्हणाले, "बाई, कंप्युटर तुमचा, चालवणार तुम्ही. तुम्ही काहीबी दावाल. एकदा संजयने दावलं, आता तुम्ही दावून राह्यल्या. आम्ही कोणाचं खरं मानायचं?"

लोक हसले. मला राग आला, पण प्रश्न बिनतोड होता. जो माणूस परवा पडद्यावर विश्वास ठेवून बसला, त्याला आज दुसऱ्या पडद्यावर विश्वास ठेव म्हणणं काही खरं नव्हे. मी टीव्ही बंद करायला सांगितला.

"पावती आहे का त्या दिवशीची?"

"हाये. खिशातच ठेवलीये. जाळणार व्हतो ह्याच्या दारात."

"जाळा नंतर. आधी उलटी करा. पेन तुमचं, हात तुमचा. काट्यावर इंग्रजी तीन कसा दिसतो तसा काढा. सरळ रेघांनी."

त्यांनी बाबूभाईंच्या मोडक्या खिडकीच्या कट्ट्यावर पावती ठेवून तीन काढला. माणसं भोवती वाकली.

"आता त्याच्याच वर पाच काढा."

त्यांनी काढला. थोडा वेळ बघितलं.

"काय झालं?"

"नऊ."

"शेजारी पाच काढा. त्याच्यावर दोन."

त्यांनी सावकाश काढला. कोणीतरी मागून म्हणालं, "आयला, आठ." रंगनाथभाऊ पावतीवर आणखी वाकले. त्यांनी पावतीच्या कोपऱ्यात पुन्हा एकदा तीन काढला, त्याच्यावर पाच काढला. मग म्हणाले, "शेवटचं दावा ते. थांबलेलं."

टीव्ही पुन्हा लागला. पाच सेकंदं ६४४०.

"हे मीच काढलं व्हतं," ते म्हणाले. "आकडा बसेस्तोवर मोबाइल धरला व्हता मी. हात दुखला व्हता." आणि संजयकडे वळले. "तू कापलंस? तुला कोणी सांगितल्तं कापायला?" त्यांचा हात संजयच्या कॉलरकडे गेला.

"खबरदार!" मी ओरडले. माझा आवाज तेवढा चढतो हे मलाही माहीत नव्हतं. "परवा एक कॉलर धरून झाली, आज दुसरी? थांब थांब, आकडा वाढला, असं ओरडलं कोण? ग्रुपवर टाकलं कोणी? ट्रॉली परत काट्यावर नेऊन बघायची अक्कल एकालाही झाली नाही? काटा इथेच होता. कापूस तुमच्या दारात होता."

रंगनाथभाऊंनी हात खाली घेतला. मग बाबूभाईंसमोर जाऊन उभे राहिले. "मियाँ, चुकलं आमचं," म्हणाले. बाबूभाईंनी मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मला ते आवडलं.

शेठने घसा साफ केला. "झालं गेलं विसरून जा. बाबूभाई, उद्यापासून या. पण काही दिवस खिडकीत बसू नका. आत बसा, पावत्यांची कामं बघा. वातावरण थंड होऊ द्या."

"न्हाई शेठ," बाबूभाई म्हणाले. "बसलो तर खिडकीत बसेन. आत बसलो तर लोक म्हणतील, चोर लपला. बाईस साल खिडकीत बसलो."

"तसं न्हाई हो..."

"तसंच हाये. किल्ली द्या न्हाई तर नका देऊ."

शेठने माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, मग किल्ली दिली. बाबूभाई लगेच आत गेले आणि कट्ट्यावरचे काचेचे तुकडे जुन्या पावतीने एका बाजूला लोटून बसले. परवा फुटलेली काच अजून कोणी उचलली नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर मी एवढी चिडले नसते. गावातल्या लोकांनी आग्रह केला म्हणून खरं काय घडलं ते सांगणारा एक व्हिडिओ मी स्वतः बनवला. गाणं नाही, बाण नाही. कितीही कापला तरी तीन मिनिटं दहा सेकंदांच्या खाली येईना. आकडे कसे चिकटले ते दाखवायला तेवढा वेळ लागतोच. संजयने तो ग्रुपवर टाकला. चार-पाच अंगठे आले. एकाने लिहिलं, "शॉर्टमध्ये सांगा." जुना व्हिडिओ मात्र गावाबाहेर गेला होता. कोणीतरी संजयचा नंबर काढून टाकून दुसऱ्याच तालुक्याचं नाव लावलं होतं.

मी माझ्यापुरतं एक केलं. मी बसवून दिलेल्या प्रत्येक मशीनवर जाऊन ती सोय बंद केली, आणि पंचवीस-तिसाचा हिशेब प्रत्येकाला बसवून सांगितला. बहुतेकांनी ऐकताना मोबाइल बघितला. आता फोनवर मी कोणालाही कोणतंही सेटिंग सांगत नाही. मॅडमला गर्व झाला, असं म्हणतात. म्हणू देत. संजय मूळ चित्रणं सहा महिने ठेवतो असं सांगतो. मी जाऊन तपासते. बाबूभाई खिडकीत आहेत. आता जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवाला आकड्यासमोर मोबाइल धरतो. त्याचं शूटिंग पूर्ण होईपर्यंत ते पावती देत नाहीत. "घ्या, आरामात घ्या," म्हणतात. मला ते बघवत नाही.

या दिवाळीच्या आधी माझ्या धाकट्या बहिणीने अंबडहून मला एक व्हिडिओ पाठवला. 'बघ गं, कसे लुटतात लोकांना.' उघडला. तेच गाणं, तोच गोल, ६९८०. मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. मोबाइल सेकंदाला किती चित्रं काढतो, स्टुडिओत किती लागतात, तिनावर पाच ठेवला की काय होतं, कापलेल्या पाच सेकंदांत काय होतं. तिला कागद-पेन घ्यायला लावलं. बावीस मिनिटं लागली. बहीण शिकलेली आहे, शांतपणे सगळं ऐकून घेतलं तिने, मध्ये हो हो म्हणत होती.

मग म्हणाली, "ते समजलं गं ताई. पण त्या काट्यावाल्याला शेवटी काढला का न्हाई?"

मी घड्याळ बघितलं, खुर्ची ओढून बसले, आणि तिला म्हटलं, "कागद टाकला नाहीस ना? तीन काढ पुन्हा."